मेडिकल पास झाल्यावर

कोकणातल्या आणि गोव्यातल्या ज्या घरांतून आखाती देशांत नोकरीला जाण्याचा प्रघात आहे, त्या घरांत ‘मेडिकल’ हा शब्द एखाद्या परीक्षेच्या नावासारखा वापरला जातो. ‘त्याचं मेडिकल झालं’, ‘मेडिकलमध्ये अडकला’, ‘अनफिट ठरला’ अशी वाक्ये तिथे दहावी-बारावीच्या निकालाइतकी परिचयाची असतात. परीक्षेला उत्तीर्ण आणि अनुत्तीर्ण असे दोनच निकाल असतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, दमा, अपस्मार, थायरॉईड यांसारखे दीर्घकाळ सोबत राहणारे आजार मात्र या दोन रकान्यांत बसत नाहीत. असा आजार असलेला माणूस आज पूर्णपणे कामाला लायक असतो, आणि औषध चार आठवडे चुकले तर नसतो. त्याची लायकी तपासणीच्या एका दिवसावर ठरत नाही. औषध, अन्न, झोप आणि डॉक्टर या चार गोष्टी त्याला रोज मिळतात की नाही, यावर ती ठरते.

हा प्रश्न थोड्या माणसांचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे राष्ट्रीय निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांतले मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के, तर उच्च रक्तदाबाचे ३५.५ टक्के. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण आढळले ते गोव्यात: २६.४ टक्के. परदेशातील नोकरी ही ज्या प्रदेशाची जुनी वाट आहे, तिथेच दर चार प्रौढांमागे एक मधुमेही असावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तरीही परदेशी नोकरीची चर्चा पगार, एजंट, व्हिसा आणि करार यांच्यापुढे क्वचितच जाते. जाणाऱ्याच्या आजाराचे तिथे पुढे काय होते, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणे मुख्यतः मधुमेहाची घेतली आहेत, कारण तो सर्वाधिक आढळतो आणि त्याला रोजची शिस्त लागते.

तपासणीची जुनी वंशावळ

परक्या देशात कामाला जाणाऱ्याचे शरीर आधी तपासायचे, ही पद्धत विमानांच्या आधीची आहे. १८३४ नंतर मॉरिशस आणि पुढे इतर वसाहतींकडे गिरमिटावर मजूर गेले. मॉरिशसमधला मराठी समाज हा त्यांचाच वंशविस्तार. या मजुरांना बंदरावरच्या डेपोत ठेवून डॉक्टरकडून तपासले जाई, आणि उसाच्या मळ्यात टिकतील असे वाटणाऱ्यांनाच गलबतावर चढवले जाई. मळेवाल्याचा प्रवासखर्च वाया जाऊ नये, हा त्यामागचा व्यवहार होता.

अमेरिकेने १८८२ च्या कायद्यात स्वतःचा भार स्वतः उचलू न शकणाऱ्या, म्हणजे समाजावर ओझे होतील अशा माणसांना रोखले. १८९१ च्या कायद्यात घातक संसर्गजन्य रोग असलेल्यांची भर पडली. १८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एलिस बेट सुरू झाले, तेव्हा तिथले डॉक्टर जिना चढणाऱ्या माणसांकडे पाहत आणि शंका आल्यास कोटावर खडूने अक्षर काढत. हृदयासाठी एक, डोळ्यांसाठी एक, लंगडण्यासाठी एक. खडूची खूण झालेल्याला बाजूला काढून पुन्हा तपासत.

या इतिहासातून तीन प्रश्न उरले आणि आजचे सगळे नियम त्यांच्याच भोवती फिरतात. हा माणूस आमच्या लोकांना रोग देईल का? तो काम करू शकेल का? आजारी पडला तर खर्च कोणाच्या माथी? पहिल्या प्रश्नाला मधुमेही सहज उत्तीर्ण होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर मात्र कोणता देश कसा विचार करतो, त्यानुसार त्याचे नशीब बदलते.

आखात: ‘अनियंत्रित’ हा शब्द

आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत कामाला जाण्याआधी मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी करावी लागते. पूर्वी ही व्यवस्था ‘गामका’ या नावाने ओळखली जाई, आता ‘वाफिद’ या नावाने. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे आणि सर्वसाधारण शारीरिक तपासणी असे तिचे स्वरूप असते. अपात्र ठरवणाऱ्या आजारांच्या यादीत एचआयव्ही, कावीळ ब आणि क, क्षयरोग, कुष्ठरोग हे संसर्गजन्य आजार आहेत. त्यांच्या जोडीला मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होणे, हृदय कमजोर होणे, कर्करोग, मानसिक आणि मज्जासंस्थेचे आजार आहेत. आणि आहेत अनियंत्रित मधुमेह व अनियंत्रित रक्तदाब.

‘अनियंत्रित’ हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. नियमाने मधुमेह्याला नाकारलेले नाही, साखर ताब्यात नसलेल्याला नाकारले आहे. कागदावर हे न्याय्य आहे. पण केंद्रावर मोजली जाते ती त्या दिवशीची साखर. म्हणून अनेक जण तपासणीआधी काही दिवस भात सोडतात, गोळी वाढवतात, उपाशी राहतात. पास होतात आणि विमानात बसतात. तपासणीने सिद्ध झालेले असते ते एवढेच, की हा माणूस आठवडाभर साखर ताब्यात ठेवू शकतो. पुढची दोन-तीन वर्षे तो ती कशी ठेवणार, हे कोणी विचारत नाही.

यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. ज्याला आपला आजार लपवून पास झाल्यासारखे वाटते, तो तिथे पोहोचल्यावरही तो लपवतो. मुकादमाला सांगत नाही, खोलीतल्या सहकाऱ्यांना सांगत नाही, विम्याच्या अर्जात लिहीत नाही. दुबईत २०१३ च्या ११ क्रमांकाच्या कायद्याने मालकाने कामगाराचा आरोग्यविमा उतरवणे बंधनकारक झाले. तिथल्या मूलभूत विम्यात पूर्वीपासूनचे आजारही येतात, मात्र पहिल्यांदाच विमा घेणाऱ्याला सहा महिने थांबावे लागते आणि औषधांच्या खर्चातला हिस्सा स्वतः भरावा लागतो. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण ज्याने अर्जात आजार लिहिलाच नाही, त्याला हे दार उघडून घेता येत नाही. पुढे रुग्णालयाचे बिल आल्यावर विमा कंपनी जुने कागद काढते, आणि लपवलेली गोष्ट तिथे महाग पडते.

ऊन हा आखातातला आणखी एक घटक. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी असते. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी बंदी आहे. हे नियम सुदृढ शरीराला समोर ठेवून केलेले आहेत. वाढलेल्या साखरेमुळे लघवीवाटे आधीच पाणी जात असते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हातला घाम दुप्पट महाग पडतो, आणि त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. आखातातून परतलेल्या तरुण कामगारांमध्ये मूत्रपिंड निकामी झाल्याचे नेपाळमधल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. इन्शुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. आठ माणसांच्या खोलीतल्या एकाच फ्रीजमध्ये ती ठेवायची, तर आजार लपत नाही. मग काही जण ती फ्रीजबाहेर ठेवतात आणि इन्शुलिनचा असर उतरतो.

समुद्रावरचा नियम

गोव्यातल्या आणि कोकण किनाऱ्यावरच्या अनेकांची परदेशी नोकरी जहाजावरची असते. खलाशांसाठी २००६ च्या सागरी कामगार करारानुसार वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षे चालते. मधुमेहाबद्दलचे मार्गदर्शन इथे आखातापेक्षा अधिक बारीक आहे. केवळ पथ्यावर किंवा गोळ्यांवर साखर ताब्यात असेल तर काम मिळू शकते. इन्शुलिन घेणाऱ्यावर मात्र बहुधा मर्यादा येतात: किनाऱ्याजवळचीच फेरी, एकट्याने पहारा नको, अशा.

हा नियम कठोर वाटला तरी त्याचे कारण उघड आहे. इन्शुलिनने साखर अचानक उतरली तर माणूस काही मिनिटांत गोंधळतो, बेशुद्ध होऊ शकतो, आणि खोल समुद्रात रुग्णालय दिवसांच्या अंतरावर असते. शिवाय दर दोन वर्षांनी पुन्हा तपासणी होते, कामाचे स्वरूप पाहून मर्यादा ठरते. आजार आणि नेमके काम यांची सांगड घालणारा नियम कसा असू शकतो, हे इथे दिसते. ‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्या मध्ये ‘या अटींवर फिट’ असा तिसरा रकाना इथे आहे.

खर्चाची रेघ ओढणारे देश

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडा या देशांत सार्वजनिक आरोग्यसेवा करदात्यांच्या पैशावर चालते. त्यामुळे त्यांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात दिले आहे. सरकारी डॉक्टर अर्जदाराच्या आजाराचा अंदाजे खर्च काढतो आणि तो ठरावीक रकमेच्या वर गेला तर व्हिसा नाकारला जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियात ही रेघ जुलै २०२४ पासून ८६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर आहे. न्यूझीलंडने २०२२ मध्ये ती ४१ हजारांवरून ८१ हजार न्यूझीलंड डॉलरवर नेली. कॅनडाने २०१८ मध्ये आपली मर्यादा तिप्पट केली आणि शाळेतल्या विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळला.

कॅनडातल्या या बदलामागे बरीच सार्वजनिक चर्चा होती. २०१६ साली टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाच्या कुटुंबाला, मुलाला डाऊन सिंड्रोम असल्याच्या कारणावरून, कायमचे वास्तव्य नाकारले गेल्याचे प्रकरण गाजले होते. वडील वर्षानुवर्षे काम करत होते, कर भरत होते. हिशेब मात्र मुलाच्या खर्चाचा झाला, कुटुंबाने काय दिले याचा झाला नाही. ऑस्ट्रेलियातही अनेक व्हिसांमध्ये कुटुंबातला एक सदस्य आरोग्याच्या अटीत अडकला तर सर्वांचा अर्ज अडकतो. आपल्याकडे मुलाखतीची तयारी करणारा अर्जदार स्वतःचे रिपोर्ट पाहतो, पण पत्नीचे किंवा मुलाचे पाहत नाही. या देशांच्या बाबतीत ते आधी पाहायला हवेत.

ताब्यातला मधुमेह सहसा या रेघेच्या आत राहतो, कारण त्याची नेहमीची औषधे तुलनेने स्वस्त असतात. डायलिसिसवर असलेला रुग्ण मात्र रेघेबाहेर जातो. म्हणजे एकाच आजाराच्या दोन अवस्था या रेघेच्या दोन बाजूंना पडतात. साखर ताब्यात ठेवणे म्हणजे मूत्रपिंड वाचवणे, हे डॉक्टर आरोग्यासाठी सांगतात. या देशांत जाणाऱ्याला तेच व्हिसासाठीही लागू पडते.

आधी पैसे घेणारे देश

काही देशांनी वेगळा मार्ग धरला. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयाला क्षयाची तपासणी करावी लागते, पण मधुमेहाची चौकशी होत नाही. त्याऐवजी व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड आहे. रुग्णालयात वा दवाखान्यात काम करायला जाणाऱ्यांच्या विशेष व्हिसाला तो माफ आहे. अधिभार भरला की राष्ट्रीय आरोग्यसेवा खुली होते. इंग्लंडमध्ये औषधाच्या प्रत्येक चिठ्ठीला शुल्क असते, पण गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेह्याला सवलतीचे प्रमाणपत्र मिळते आणि औषधे मोफत होतात. ते मागावे लागते, आपोआप येत नाही.

जर्मनीची व्यवस्था १८८३ च्या आरोग्यविमा कायद्यापासून चालत आलेली आहे. नोकरी लागली की पगाराच्या प्रमाणात हप्ता कापला जातो आणि वैधानिक विमा संस्था जुन्या आजाराच्या कारणाने कोणालाही नाकारू शकत नाही. दीर्घ आजाराच्या रुग्णाचा स्वतःचा वाटा वार्षिक उत्पन्नाच्या एक टक्क्यापुरता मर्यादित राहू शकतो. खासगी विमा मात्र आजाराची चौकशी करतो. जास्त पगाराची नोकरी मिळालेल्या मधुमेही अभियंत्याने ‘हप्ता कमी’ म्हणून खासगी विम्याकडे वळण्याआधी हा फरक समजून घ्यावा. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जर्मन भाषेच्या वर्गात अशा तरुणांना व्याकरण शिकवले जाते. विमा निवडण्याचा हा धडाही त्याच वर्गात शिकवता येईल.

अमेरिकेत २०१४ पासून विमा कंपन्या जुन्या आजाराच्या कारणाने विमा नाकारू शकत नाहीत. पण विमा नोकरीला बांधलेला असतो. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमानुसार त्याला जास्तीत जास्त साठ दिवसांत दुसरी नोकरी किंवा परतीची वाट शोधावी लागते. मोठ्या कंपन्यांतल्या माणसाला जुना विमा काही काळ चालू ठेवता येतो, पण मालकाचा वाटाही त्याला स्वतःच भरावा लागतो. इन्शुलिनवर असलेल्याची नोकरी जाते तेव्हा पगार, व्हिसा आणि औषध या तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात डळमळतात. अशा माणसाने तीन महिन्यांच्या औषधाचा खर्च बाजूला ठेवणे ही चैन नव्हे, गरज आहे.

बॅगेतल्या गोळ्या

नियमांच्या पलीकडे एक अगदी साधी अडचण असते, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही: आपले औषध तिथे असतेच असे नाही. भारतात मधुमेहासाठी सर्रास दिली जाणारी व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन आणि ग्लिक्लाझाइड ही औषधे अमेरिकेत मिळत नाहीत. दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या गोळ्या आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत. त्यांतल्या अनेक परदेशात नसतात. पुण्यात पाच वर्षे ज्या गोळीवर साखर बसली, ती गोळी ह्यूस्टनमध्ये बदलावी लागते, आणि नवे औषध बसेपर्यंतचे महिने कसोटीचे असतात. हा बदल निघण्याआधीच डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून घेतला तर तोच बदल घरच्या जेवणात, ओळखीच्या दवाखान्याच्या आधाराने होतो.

इन्शुलिनच्या बाबतीत घोटाळा अधिक धोक्याचा आहे. भारतात बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असते आणि त्याची सुईही ४० च्या खुणांची असते. ब्रिटन, अमेरिकेत ते १०० युनिट असते. तिथली बाटली आणि इथली सुई अशी जोडी जमली तर अडीचपट डोस जातो. पेनमधले इन्शुलिन इथेही १०० युनिटचे असते, म्हणून परदेशी जाणाऱ्याला पेन अधिक सोयीचे.

मोजमापही बदलते. आपल्याकडे साखर मिलिग्रॅममध्ये सांगतात, ब्रिटनमध्ये मिलिमोलमध्ये. आपला १२६ तिथे ७ होतो, कारण आपल्या आकड्याला १८ ने भागायचे असते. तीन महिन्यांच्या सरासरीचा आपला ७ टक्के तिथे ५३ म्हणून लिहिला जातो. पहिल्यांदा रिपोर्ट हाती आल्यावर माणूस घाबरतो किंवा उगाच निश्चिंत होतो. दोन्ही चूक.

आणि कायदा. ट्रामाडोल, कोडीन यांसारखी वेदनाशामके आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतात. अमिरातीत ती नियंत्रित औषधे आहेत, आधी परवानगी काढावी लागते. जपानमध्ये एक महिन्याहून अधिक पुरेल एवढे चिठ्ठीचे औषध नेण्यासाठी प्रमाणपत्र लागते. म्हणून डॉक्टरांकडून एक पत्र घ्यावे: आजाराचे नाव, औषधांची कंपनीची नव्हे तर मूळ रासायनिक नावे, डोस, सही आणि शिक्का. आपल्याकडच्या गोळीचे बाजारातले नाव तिथल्या औषधविक्रेत्याला काहीच सांगत नाही.

इथे काय करता येईल

१९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या आणि ठरावीक देशांत जाणाऱ्या कामगाराला सरकारी परवानगी लागते. त्याच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५ रुपये. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. स्वस्त आणि उपयुक्त योजना आहे. पण तिचा भर अपघातावर आहे. मचाणावरून पडलेल्या कामगाराची ती काळजी घेते. रोजची गोळी संपली, परवडली नाही किंवा लाजेने मागितली नाही म्हणून वर्षभरात हळूहळू ढासळणाऱ्या कामगारापर्यंत ती पोहोचत नाही.

जाण्यापूर्वी कामगारांना दिल्या जाणाऱ्या सरकारी प्रशिक्षणात आरोग्याचा अर्धा तास वाढवणे अवघड नाही. तपासणी केंद्रावर साखर वाढलेली आढळली तर नुसता ‘अनफिट’चा शिक्का मारून घरी न पाठवता, जवळच्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी देणेही अवघड नाही. नाकारल्या गेलेल्या अनेकांना आपला आजार त्याच दिवशी पहिल्यांदा कळतो. जिल्हा रुग्णालयातली असंसर्गजन्य आजारांची तपासणी आणि परदेशी नोकरीची तपासणी यांचा आज एकमेकींशी काहीही संबंध नाही. तो जोडला तर सहा महिने उपचार घेऊन तोच माणूस खऱ्या अर्थाने पात्र होऊ शकतो.

घरच्यांचाही यात वाटा आहे. परदेशी नोकरीवर घराचे कर्ज, बहिणीचे लग्न, भावाची फी अवलंबून असते. म्हणून ‘तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाला फोनवर एकच उत्तर मिळते: ‘मजेत.’ त्याऐवजी ‘गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?’ असे विचारले तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. हा प्रश्न लाजवत नाही, आणि त्याचे उत्तर आकड्यात द्यावे लागते.